पंचगंगेच्या काठाकाठाने: एसटीने जाऊन पायी हिंडलेले चार दिवस

चारही रात्री आम्ही आपापल्या घरी झोपलो, हे आधी सांगते. तंबू नाही, मुक्काम नाही, पाठीवर मोठाली ओझी नाहीत. सकाळी केएमटी (कोल्हापूरची शहर बस), एसटी किंवा रेल्वेने कोल्हापुराबाहेर पडायचं, दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी जिथे पोचू तिथून मिळेल त्या गाडीने परत यायचं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, गुरुवार ते रविवार. आम्ही अकराजण. सगळ्यांत मोठे आबा, वय ७६. सगळ्यांत धाकटा शेजारच्या वहिनींचा मुलगा, पाचवीतला.

पूर्वी आम्ही दोन मोटारी घेऊन जायचो. चालणं व्हायचं, पण दुपार कलली की सगळ्यांचं लक्ष गाडी लावलेल्या जागेकडे. डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात उतरावंसं वाटलं तरी उतरता येत नसे, कारण गाडी अलीकडे. एसटीने जायला लागलो आणि तो दोरच तुटला. आता एका गावात उतरतो आणि दुसऱ्याच गावातून परततो. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला कुणाच्या सोयीने यावं लागत नाही. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे आबांना एसटीत तिकीटच लागत नाही, आणि २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं. कॉलेजात जाणारी आमची दोन पोरं खिशातल्या पैशांत चारही दिवस आली, हे मला फार मोलाचं वाटतं.

याला शिस्त मात्र एक लागते. परतीची शेवटची गाडी आधी शोधायची आणि तिथून उलटं मोजत सकाळची निघायची वेळ ठरवायची. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारायचं, जाताना कंडक्टरला विचारायचं आणि गावात उतरल्यावर पारावरच्या माणसांना तिसऱ्यांदा विचारायचं. तिघांचं जुळलं तरच ती वेळ धरून चालायचं.

वाट ठरवली आबांनी. त्यांची सगळी नोकरी कालवे आणि बंधाऱ्यांवर गेली. म्हणाले, "पंचगंगा जिथं होते तिथनं निघू आणि जिथं संपते तिथंवर जाऊ. मधले डोंगर वाटेत येतीलच."

पहिला दिवस, गुरुवार: प्रयाग चिखली ते जोतिबा

सकाळी साडेसहाला गंगावेशीत जमलो. म्हशी कट्ट्याला आल्या होत्या. समोर धार काढून दिलेलं फेसाळ दूध पेल्यातून प्यायलो आणि केएमटीने प्रयाग चिखलीला निघालो. चिखलीत उतरून संगमावर जायला फार वेळ लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि डोळ्यांना न दिसणारी पाचवी सरस्वती. या पाचांची मिळून पंचगंगा. पाण्यावर धुकं होतं. माघात इथे स्नानाला गर्दी होते, आज मात्र दोन बायका आणि एक कुत्रं एवढेच होते. आबांनी पाण्यात हात बुडवून डोक्यावर फिरवला आणि काठावरच्या एका घराच्या भिंतीकडे बोट केलं. माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर एक मळकट रेघ होती, पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे गाव आणि शेजारचं आंबेवाडी पाण्याने वेढलं होतं. कोल्हापुरात पाऊस लागला की घरोघरी राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारली जाते, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. चिखलीची माणसं मात्र आकडा ऐकायला थांबत नाहीत, जनावरं सोडायला लागतात. हे आम्हाला संगमावरच्या बायकांनीच सांगितलं.

तिथून सोनतळीवरून केर्लीकडे पाणंदीपाणंदीने चाललो. दोन्ही बाजूंना ऊस उभा, मधूनच तोड झालेलं मोकळं रान आणि ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या. एका कोपीसमोर चूल पेटली होती आणि सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. आमच्यातला पाचवीतला तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. "हिची शाळा?" त्याने आईला विचारलं. वहिनींना उत्तर देता आलं नाही, मलाही नाही.

गुऱ्हाळ आधी नाकाला कळलं. चुलवाणात चिपाड सारणं चालू होतं आणि काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरायला आली होती. आम्ही कडेला उभे राहून विचारलं, "बघू का?" गुळव्या म्हणाला, "बघा की. पर लांबनं बघा, उडतंय."

घाण्यातून आलेला रस काहिलीत तापायला लागला की त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात. त्याने रसातला मळ वर येतो. ती मळी झाऱ्याने काढून टाकायची. मग रस आटत जातो, रंग हिरवट करड्यावरून सोनेरीवर येतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. गुळव्याकडे ना घड्याळ, ना तापमापक. त्याने थोडा पाक थंड पाण्यात टाकला, बोटांत घेतला, गोळी वळून बघितली आणि मान हलवली. त्या मानेच्या एका हालचालीवर चारजण उठले आणि कढत काहील वाफ्यात ओतली गेली. घोटून घोटून ती घट्ट झाली की साच्यात भरायची, आणि झाला गुळाचा रवा, म्हणजे ढेप. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो गूळ ज्या बोटांवर ठरतो ती बोटं आता पन्नाशी-साठीची आहेत. पोरगा येत नाही का या कामात, असं आत्यांनी विचारलं. "कशाला येतोय? रात्रंदिस जाळाम्होरं कोण बसंल?" असं म्हणून त्याने उसाच्या कांडीवर गरम गूळ घेऊन आमच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. या गुऱ्हाळांपैकी किती उरतील, या विचाराने केर्लीपर्यंत आम्ही कमीच बोललो.

केर्लीत मिसळ खाल्ली. पुढे कुशिरे, पोहाळे आणि मग जोतिबाच्या डोंगराच्या अंगावरची पोहाळ्याची लेणी. कोल्हापुरात जन्म काढलेल्या आम्हा अकरांपैकी आठांनी ती आयुष्यात प्रथमच पाहिली. जोतिबाला शंभरदा गेलो असू, पण गाडी थेट वर जाते आणि लेणी वाटेवरून बाजूला राहतात. खडकात कोरलेलं खांबांचं मोठं दालन, भोवती भिक्षूंच्या खोल्या. आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम दूर गेल्यासारखं होतं. आबा एका खोलीच्या उंबऱ्यावर टेकले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. आम्ही त्यांना उठवलं नाही.

वर जोतिबाला पोचलो तेव्हा चार वाजले होते. गुरुवार असल्याने शांतता होती. रविवारी हेच अंगण गुलालाने झाकून जातं. सध्याचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेलं. "चांगभलं" म्हणून गुलाल लावून घेतला आणि कोल्हापूरची एसटी धरली. ज्या डोंगराला खालून चार तास बिलगून आलो, तो गाडीने थोड्याच वेळात उतरून दिला.

दुसरा दिवस, शुक्रवार: पन्हाळा ते मसाई पठार

मध्यवर्ती स्टँडवरून पन्हाळ्याच्या गाड्या भरपूर, म्हणून आज घाई नव्हती. गाडीतून उतरताना वाघदरवाजा, अंधारबाव, तीन दरवाजा यांची नावं पाचवीतला घडाघडा म्हणत होता. २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांमध्ये पन्हाळा आहे, त्यामुळे शाळेत त्याचा प्रकल्प झालेला. पण आज किल्ला पाहायचा नव्हता, किल्ल्यातून बाहेर पडायचं होतं. राजदिंडीने, म्हणजे शिवाजी महाराज ज्या वाटेने वेढ्यातून निसटले तिने.

सिद्दी जौहरचा वेढा, १२ जुलै १६६० ची रात्र, पाऊस, पालखी. खाली नेबापूरचा शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला. हे सगळं आपण लहानपणापासून ऐकतो. राजदिंडीतून उतरताना मला पहिल्यांदा त्यातलं पायाखालचं कळलं. कोरड्या डिसेंबरात, भर उजेडात, हातात काठी असून माझा पाय दोनदा घसरला. त्या रात्री खांद्यावर पालखी होती, पायाखाली चिखल होता आणि आवाज करायची सोय नव्हती.

तुरुकवाडी, मग म्हाळुंगे. म्हाळुंग्यात आत्यांचा गुडघा बोलायला लागला. आबाही कालचे दमलेले. एका घराच्या सोप्यात बसलेल्या आज्जींनी विचारलं, "कुठनं आलायसा?"

"कोल्हापूरनं."

"चालत? गाडी न्हाई व्हय तुमच्यात कुणाकडं?"

"हाय की. ठेवून आलोय."

आज्जींना ते फार आवडलं असावं. दोघांना त्यांनी सोप्यात बसवून घेतलं, आम्हा सगळ्यांना ताक दिलं आणि "सांजच्याला घेऊन जावा ह्यास्नी" म्हणाल्या.

मसाई पठारावर चढून आलं की माणूस आधी गप्प होतो. एवढं सपाट आणि एवढं उंचावर असं काही असतं हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. पावसाळा सरता सरता इथे जांभ्या कातळावर रानफुलांचे गालिचे असतात आणि तेव्हा माणसांचीही गर्दी. डिसेंबरात नुसतं गवत, तेही सोन्यासारखं वाळलेलं, आणि वारा. मला हाच मोसम जास्त आवडतो. फुलं पायदळी जायची भीती नाही, धुकं नाही, दक्षिणेला कासारीचं खोरं शेवटपर्यंत दिसतं. काल संगमावर जिच्यात हात बुडवला होता ती कासारी इथून एक चकाकती रेघ होती. ज्यांना यायचं असेल त्यांनी पाणी मात्र खालून भरून आणावं. या दिवसांत वरची डबकी आटलेली असतात आणि सावलीला झाड नाही. मसाई देवीच्या देवळाच्या आडोशाला बसून भाकरी, खर्डा आणि दही खाल्लं. वाऱ्याने कागद उडाला तर कॉलेजातली पोरं पार पठाराच्या कडेपर्यंत त्याच्यामागे पळाली, पण आणला.

हा एकच दिवस आल्या वाटेने परतलो, कारण आत्या आणि आबा म्हाळुंग्यात होते. जाऊन पाहतो तर आत्या आज्जींबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या, आणि आबा त्यांच्या नातवाला मोटरपंपाचं काही समजावत होते. निघताना आज्जींनी आत्यांच्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या. राजदिंडी चढताना ऊन तिरकं झालं होतं आणि सकाळी काळी दिसलेली तटबंदी तांबूस दिसत होती. शेवटची गाडी अजून दीड तासाने होती, तरी आम्ही अर्ध्या तासात मिळाली ती घेतली. कुणाच्यात त्राण नव्हतं.

तिसरा दिवस, शनिवार: रेल्वेने हातकणंगले, पायी रामलिंग आणि बाहुबली

आज पायांना जरा सुट्टी म्हणून सपाटीचा दिवस. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. पॅसेंजर संथ जाते आणि तेच तिचं सुख आहे. वळिवड्याला गाडी थांबली तेव्हा मी पोरांना सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा इथे, देऊळही इथेच. ते गेल्यावर फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी आली आणि गांधीनगर वसलं. आज आपण तिथे कपडे घ्यायला जातो. एकाच जमिनीने दोनदा परक्यांना घर दिलं, आणि आपल्या शहरातल्या कित्येकांना ते माहीत नाही. पोरांनाही नव्हतं. महावीर उद्यानातली त्यांची आठवणीची शिळा मी दाखवणार आहे म्हटल्यावर दोघांनी तारीखच ठरवून टाकली.

रुकडीजवळ गाडी पंचगंगेवरून गेली. चार नद्यांचं पाणी पोटात घेतलेली नदी आता रुंद आणि संथ झाली होती. आबा दारापाशी उभे राहून पूल संपेपर्यंत बघत होते.

हातकणंगल्याहून आळते आणि पुढे रामलिंगची टेकडी. डोंगराच्या पोटात गुहा, आत शिवलिंग, आणि उन्हातून आलेल्या माणसाला हवाहवासा वाटणारा ओला गारवा. रामलिंगावरून धुळोबाचा डोंगर गाठला, वरून चहूकडे उसाचं हिरवं आणि साखर कारखान्यांची धुराडी. मग नेजकडे उतरून डांबरी रस्त्याने बाहुबली. हा शेवटचा डांबरी टप्पा कंटाळवाणा आहे, उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात, त्यामुळे लहान मूल बरोबर असेल तर नेजमधून गाडी धरावी हे बरं. आम्ही कडेकडेने एकामागे एक चाललो आणि पाचवीतल्याला मधे ठेवलं. बाहुबलीची २८ फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ सालची. तिच्या पायाशी उभं राहून वर बघितलं की मान मागे टेकते, आणि मूर्ती मात्र आपल्याकडे न बघता समोर बघत असते. संध्याकाळच्या एसटीने हातकणंगलेमार्गे घरी.

चौथा दिवस, रविवार: नृसिंहवाडी ते खिद्रापूर

पहाटे निघालो. वाडीला उतरलो तेव्हा घाटावर काकड आरतीनंतरची शांतता होती. इथे पंचगंगा कृष्णेला मिळते. तीन दिवसांपूर्वी चिखलीला जिचा जन्म पाहिला तिचं नाव इथे संपतं. पावसाळ्यात पाणी चढून दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात उभं राहायला लोक रात्रीअपरात्री धावत येतात. आबा घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसले. "सगळी हितं येऊन मिसळत्यात बघ," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. दोन पाण्यांचे रंग थोड्या अंतरापर्यंत वेगळे दिसतात, मग कुठे एक होतात ते नेमकं सांगता येत नाही.

बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन पूल ओलांडून कुरुंदवाडला चालत गेलो. तिथून एसटीने सैनिक टाकळी. गावच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात नोकरी केली म्हणून गावाच्या नावात सैनिक आलं. टाकळीपासून खिद्रापूर पायी. काळी जमीन, नदीचं वळण कधी डावीकडे कधी पुढे, आणि पलीकडे कर्नाटक. वाटेत विचारलेल्या एका शेतकऱ्याने अर्धं मराठीत आणि अर्धं कानडीत रस्ता सांगितला, आणि आम्हाला तो पूर्ण कळला.

कोपेश्वर. या देवळाबद्दल मी भरभरून लिहू शकते, पण एकच जागा सांगते. स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, तो गोल आकाशाला उघडा आहे. त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा, आणि भोवती बारा खांब. दुपारचं ऊन त्या गोलातून खाली येतं आणि शिळेवरून हळूहळू सरकतं. आम्ही कडेला बसलो होतो. पाचवीतला उन्हाच्या कडेवर बोट ठेवून ती सरकते का ते बघत होता. "सरकली," तो मधेच ओरडला. देवळाचं काम शिलाहारांनी बाराव्या शतकात केलं, म्हणजे परवा ज्या पन्हाळ्यावर होतो तोही त्याच घराण्याचा. आणि त्या घराण्यातल्या दुसऱ्या भोजाला हरवणाऱ्या यादव सिंघणाचा शिलालेख याच देवळात आहे. हरलेल्याचं देऊळ जिंकलेल्याने मोडलं नाही, देणगी देऊन चालू ठेवलं. बाहेर सगळं देऊळ दगडी हत्तींच्या पाठीवर उभं आहे. शंकरासमोर इथे नंदी नाही. तो नदीपलीकडे यडूरला आहे, असं इथली माणसं सांगतात.

आम्ही तिसऱ्यांदा विचारायचं विसरलो. गावात शिरताना पारावरच्या माणसांना गाडीची वेळ विचारायची ती राहिली, कारण समोर कळस दिसला आणि सगळे तिकडेच गेलो. बाहेर आलो तेव्हा चहावाल्या मावशी म्हणाल्या, "गेली की गाडी. आता पाच मिनिटं झाली न्हाईत. टाकळीत जावा, तिथनं मिळंल."

गाडी वेळेवर आली होती आणि वेळेवर गेली होती. चूक माझी होती, कारण त्या दिवशी विचारायचं काम माझ्याकडे होतं. सूर्य खाली गेला होता आणि आबा दिवसभराचे चाललेले. मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात चहा पीत असलेला एक तरुण उठला, "आजोबांस्नी मी सोडतो टाकळीत, बसा मागं," म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली. आबा बसले. आम्ही दहाजण झपाझप निघालो. पाचवीतला माझा हात धरून चालत होता, एकदाही थांबला नाही. अंधार पडत गेला तशी उसाच्या पानांची सळसळ मोठी वाटायला लागली. कुणीतरी बॅटरी लावली. टाकळीचे दिवे दिसले तेव्हा पाठोपाठ एसटीचा हॉर्नही ऐकू आला, आणि आम्ही पळायला लागलो.

गाडी उभी होती. दारातल्या पहिल्या सीटवर आबा, मांडीवर बर्फीचा पुडा. कंडक्टर पायरीवर उभे राहून अंधारात बघत होते.

"हे म्हातारबा गाडी सोडू देईनात," ते म्हणाले. "म्हणत्यात, अजून दहा हैत, चालत येत्यात. मोजा बघू."

मी मोजले. आबांना धरून अकरा.

"कुठलं द्यायचं?"

"कुरुंदवाड. तिथनं पुढं कोल्हापूर."

"कोल्हापूरची मिळंल तिथनं," कंडक्टर म्हणाले आणि घंटी मारली.